बटणवाल्यांचे एकशे अठरा दिवस

पॉटर्स बेंडच्या बेसबॉल संघाला मैदानावर एकूण एकशे अठरा दिवसांचं आयुष्य लाभलं. १० मे १९११ ला पहिला सामना झाला, ४ सप्टेंबरला शेवटचा. या मुदतीत संघाने एकशे चार सामने खेळले, दोन बॅटी हरवल्या, एक बकरी जिंकली, आणि नऊ खेळाडूंच्या कमरेचा घेर मिळून दोनशे अठ्ठ्याऐंशी इंचांवरून तीनशे एक्केचाळीस इंचांवर गेला. शेवटचा आकडा मिसेस ग्रेल यांच्या वहीतला आहे. त्या शिवणकाम करायच्या आणि संघाचे कपडे त्यांच्याकडे होते, त्यामुळे त्यावर शंका घेण्याचं कारण नाही.

एनॉस टिबेट्स याला मात्र एकच आकडा महत्त्वाचा वाटत होता, तो म्हणजे सहा. नदीकाठच्या लीगमध्ये सहा गावं होती, आणि जुलैच्या बैठकीत ठरलं होतं की सहावा येणारा संघ पुढच्या वर्षी काढून टाकायचा आणि त्याच्या जागी एका मोठ्या शहराला घ्यायचं.

एनॉस संघाचा मॅनेजर होता. वय चव्वेचाळीस, गुडघे साठीचे. एकेकाळी तो कॅचर होता, वीस वर्षं उकिडवं बसून चेंडू झेलले होते. नंतर पाच गावांत मॅनेजर झाला आणि पाचही गावांचे संघ बुडाले. एका गावात मैदानावर रेल्वेने रूळ टाकले, एका गावात मालक संघाच्या पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, बायको घेऊन पळाला, बाकीच्या तीन ठिकाणी कारण सांगण्याइतकीही कुणी तसदी घेतली नाही. दर वेळी तो ट्रंक उचलून पुढच्या गाडीत बसायचा. पॉटर्स बेंडला आल्यावर चौथ्या दिवशी न्हाव्याने त्याला नावाने हाक मारली, आणि एनॉसच्या मनात आलं की आता पुढची गाडी नको.

गावात बटणांचा कारखाना होता. नदीतले शिंपले काढायचे, त्यांना गोल भोकं पाडायची, निघालेल्या चकत्यांची बटणं करायची, हा सगळ्या गावाचा धंदा. भोकं पडलेल्या शिंपल्यांचा चुरा रस्त्यावर, अंगणात, मैदानात, सगळीकडे पसरलेला असे. संघाचं नाव अर्थातच 'बटणवाले'. कारखान्याचे मालक ऑगस्टस फाइल हे संघाचे अध्यक्ष. संघाच्या प्रत्येक सदऱ्यावर त्यांनी स्वतः निवडलेली मोत्याच्या झाकेची आठ-आठ बटणं लावून घेतली होती.

"टिबेट्स, सरळ सांगतो," जुलैमध्ये फाइलसाहेब म्हणाले. "पहिले यायला सांगत नाही. पाचवे या. पाचवे आलात तर पुढच्या उन्हाळ्याचा करार आणि हिवाळ्यात कारखान्यात काम, दोन्ही देतो. सहावे आलात तर संध्याकाळी सहा दहाची गाडी आहे."

"पाचवे येऊ," एनॉस म्हणाला.

"मे महिन्यात पंधरातले अकरा जिंकलात. मग झालं काय तुम्हाला?"

झालं काय, हे एनॉसला चांगलं ठाऊक होतं.

गावातलं एकमेव हॉटेल मार्चमध्ये जळालं होतं. त्यामुळे खेळाडूंची राहण्याची सोय घरोघरी करावी लागली. चर्चच्या सभागृहात टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि एकेका घराला एकेक खेळाडू मिळाला. इथवर काहीच बिघडलं नव्हतं. पण गावाच्या साप्ताहिकाचे संपादक विन्स्लो पार्मेंटर यांना दर गुरुवारी चार पानं भरायची असत आणि गावात चार पानांइतकं काही घडत नसे. कुणाची मावशी आली, कुणाच्या गायीला वासरू झालं, कुणी कुंपण रंगवलं, सगळं छापून यायचं. मेच्या तिसऱ्या गुरुवारी त्यांनी छापलं: 'आपल्या संघाचे श्री. डोनाह्यू यांनी रविवारी मिसेस टॉलिव्हर यांच्याकडे कोंबडीचा आस्वाद घेतला.'

पुढच्या रविवारी मिसेस हाइनिकी यांनी आपल्या पिचरला कोंबडी आणि डुकराची तंगडी, दोन्ही वाढलं, आणि सोमवारी सकाळी आठ वाजता त्या संपादकांच्या दारात उभ्या होत्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात मिसेस टॉलिव्हर यांच्याकडचे तीन प्रकारचे पाय, म्हणजे फळं भरून भाजलेले गोड पदार्थ, छापून आले. जूनच्या मध्यावर संघाच्या जेवणांना पहिलं पान मिळालं आणि सामन्याचा निकाल तिसऱ्या पानावर, जनावरांच्या औषधाच्या जाहिरातीखाली गेला.

डोनाह्यू हा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना शिवायच्या ठाण्यांच्या, मधे उभा राहायचा. तो गावात आला तेव्हा त्याला सगळे 'काडी' म्हणत. नाव तेच राहिलं.

"मिस्टर टिबेट्स, तुमच्या काडीची पँट आली आहे," मिसेस ग्रेल म्हणाल्या. एनॉस त्यांच्याच घरी राहत होता. विधवा बाई, बोलायला कोरड्या, नेहमी तोंडात दोन टाचण्या. "या महिन्यातली तिसरी खेप."

"उसवा."

"उसवायला कापड शिल्लक असावं लागतं. मागे पट्टी घालावी लागेल. राखाडी संपलंय. पडद्याचं हिरवं आहे."

"हिरवं घाला."

"मागच्या बाजूला?"

"तो पळत गेला तरच दिसेल ना. आणि तो पळत नाही."

मिसेस ग्रेल यांनी टाचणी काढून पँटीला लावली. "आणि पिचरच्या सदऱ्याचं काय करायचं? श्वास सोडून दाखव म्हटलं तर म्हणतो, सोडलाय."

मिसेस ग्रेल यांच्या घरी एनॉसचा घेर इंचभरही वाढला नव्हता. त्यांच्याइतका वाईट स्वयंपाक नदीच्या या काठावर कुणी करत नसे. सगळं उकडलेलं, आणि उकडताना विसरलेलं. त्यांनी आपलं नाव वर्तमानपत्रात यावं म्हणून कधी धडपड केली नाही, आणि संपादकांनाही ते सोयीचं होतं.

जून संपता संपता लोकांसमोर फजिती झाली. डावा क्षेत्ररक्षक जमिनीवरचा चेंडू उचलायला वाकला आणि त्याच्या सदऱ्याची तीन बटणं एकापाठोपाठ उडाली. त्यातलं एक अंपायरच्या कानाला लागलं. ऑसग्रोव्ह गावच्या वर्तमानपत्राने लिहिलं की पॉटर्स बेंडचा चेंडू पहिल्या बेसपर्यंत पोचत नाही, पण बटण पोचतं.

फाइलसाहेब तो अंक हातात घेऊनच आले. "बटण तुटलं नाही. दोरा तुटला. हे लोकांना कोण सांगणार?"

"साहेब, पोट कमी झालं की दोराही तुटणार नाही."

"मग करा कमी."

एनॉसने बायकांची बैठक बोलावली. टोपी हातात धरून त्याने हात जोडायचेच बाकी ठेवले. दोन मांसांऐवजी एक, तीन पायऐवजी एक, आणि सामन्याच्या दिवशी सकाळी केक नको, एवढंच मागणं. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकमताने ठराव झाला. मिसेस टॉलिव्हर यांनीच तो मांडला.

पुढच्या पंधरा दिवसांत घेर अकरा इंचांनी वाढला.

"तुम्ही तर ठराव मांडला होता," एनॉस मिसेस टॉलिव्हर यांना म्हणाला. भली थोरली बाई, दंडापर्यंत पीठ.

"मांडला होता. पाळायचाही होता. पण मग विचार केला, बाकीच्या आठ जणी कमी करणार. मग संघाच्या पोटात जाणार काय? म्हटलं, आपणच थोडं वाढवावं."

"बाकीच्या आठ जणींनीही असाच विचार केला."

"बघा म्हणजे," मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या, "शब्द पाळणारं कुणी उरलंच नाही."

ऑगस्टच्या अखेरीस तक्ता असा होता: पॉटर्स बेंड, चाळीस विजय, त्रेसष्ट पराभव. ऑसग्रोव्ह, चाळीस विजय, त्रेसष्ट पराभव. दोघं तळाशी, खांद्याला खांदा लावून. शेवटचा सामना सोमवारी, कामगार दिनाच्या सुट्टीला, पॉटर्स बेंडच्या मैदानावर, आणि तोही एकमेकांशीच. हरेल तो सहावा.

ऑसग्रोव्हचे खेळाडू चांगले नव्हते, पण सडपातळ होते. परगावी गेले की स्टेशनच्या बाकावर बसून पुडीतला पाव-चीज खायचे आणि तसेच मैदानावर यायचे. एनॉसने हे उन्हाळाभर पाहिलं होतं. गुरुवारी तो न्हाव्याकडे दाढी करत असताना त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. चेहऱ्याला साबण तसाच ठेवून तो उठला आणि संपादकांकडे गेला.

"पार्मेंटरसाहेब, सोमवारी पाहुणे अकराच्या गाडीने येतात. सामना तीनला. मधल्या चार तासांत त्यांना गावाने जेवण दिलं, तर तुम्ही छापाल का?"

"कुणी काय वाढलं, नावासकट?"

"नावासकट. आणि ऑसग्रोव्हच्या वर्तमानपत्रालाही पाठवाल."

संपादक थोडा वेळ त्याच्या साबणाकडे पाहत राहिले. "म्हणजे आपल्या बायकांची नावं परगावच्या अंकात?"

"हो."

"एनॉस, माणसं मरतील."

"मरू नयेत. फक्त पळू नयेत."

शुक्रवारी सकाळपर्यंत गावात लोणी मिळेनासं झालं.

आता दुसरा अर्धा भाग राहिला होता. स्वतःच्या खेळाडूंना त्या दिवशी उपाशी ठेवायचं. घरी सोडलं तर ते उपाशी राहणार नाहीत हे उघड होतं. म्हणून सोमवारी सकाळी सातला एनॉसने सगळ्यांना कारखान्याच्या शिंपल्यांच्या गोदामात नेलं, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून दारापाशी खोक्यावर बसला. पोरांना उपाशी ठेवून आपण खायचं हे त्याला पटेना, म्हणून रविवार दुपारपासून त्यानेही अन्नाला हात लावला नव्हता. मिसेस ग्रेल यांनी रविवारी रात्री वाटाणे उकडले होते, त्यामुळे या त्यागाला फार कष्ट पडले नाहीत.

"टिबेट्स," आतून काडीचा आवाज आला, "हा तुरुंग आहे."

"तुरुंगात न्याहारी देतात. हे त्याहून चांगलं आहे."

"माझे पाय थरथरतायत."

"थरथरू देत. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच हलतायत."

तिकडे चर्चच्या मागच्या ओकच्या झाडांखाली चाळीस फूट लांबीचं टेबल मांडलं होतं. ऑसग्रोव्हचा मॅनेजर क्रँडल हा संशयी माणूस. त्याने आधी पाण्याचा वास घेतला. पण त्याचा कॅचर, ब्रॉकमायर नावाचा बैलासारखा गडी, तोवर बसला होता. त्याने मिसेस टॉलिव्हर यांच्या आलुबुखारच्या पायचा एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बाई, तुमचे यजमान हयात आहेत का?"

"आहेत," मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या. "शेजारीच बसलेत."

"माफ करा, साहेब," ब्रॉकमायर म्हणाला आणि ताट पुढे केलं.

त्यानंतर क्रँडललाही कुणी थांबवू शकलं नाही. साडेबारापर्यंत ऑसग्रोव्हच्या तिघांनी पट्टे सैल केले, दोघांनी सोडूनच ठेवले. अंपायरलाही बसवलं होतं, कारण त्याला वगळलं तर तो अपमान झाला असता.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मग मिसेस टॉलिव्हर यांनी टेबलावरून नजर फिरवली आणि विचारलं, "माझा काडी कुठाय?"

संपादक वही घेऊन नोंदी करत होते. खोटं बोलणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं, निदान तोंडी तरी. "गोदामात आहे. सगळेच आहेत. उपाशी."

नऊ बायकांनी हातातले डाव खाली ठेवले.

"परक्यांची पोरं इथे तुडुंब," मिसेस हाइनिकी हळूच म्हणाल्या, "आणि आपली कुलपात. हे ऑसग्रोव्हच्या अंकात आलं तर तोंड कुठे लपवायचं?"

गोदामाला एक दार होतं आणि त्यापुढे एनॉस बसला होता. पण मागे, नदीच्या बाजूला, लाकडी घसरण होती. होड्यांमधले शिंपले तिच्यातून ओतले की थेट गोदामात येत. सगळं गाव त्याच कामावर वाढलेलं, त्यामुळे घसरण कुठे आहे हे बायकांना विचारावं लागलं नाही. एनॉस गावात येऊन चारच महिने झाले होते. आतून खडखड ऐकू आली तेव्हा त्याला वाटलं, होडी आली असेल. सुट्टीच्या दिवशीही लोक राबतात याचं त्याला कौतुकच वाटलं.

अडीच वाजता त्याने कुलूप काढलं. नऊ जण भिंतीला टेकून ओळीने बसले होते. चेहऱ्यावर तेज होतं. ते तुपकट होतं.

"काय खाल्लंत?"

"काही नाही," पिचर म्हणाला आणि हात पँटीला पुसले.

"काडी, तुझ्या खिशात काय आहे?"

"शिंपला."

एनॉसने तो बाहेर काढला. कोंबडीची तंगडी होती. घसरणीवरून आल्यामुळे तिला शिंपल्यांचा चुरा लागला होता, म्हणूनच ती उरली असावी.

एनॉस खोक्यावर परत बसला. त्याला ट्रंक उचलायची सवय होती, पण या वेळी हात उठतील असं वाटेना. मग तो उठला, कारण तीनला सामना होता.

त्या दिवशी मैदानावर सहाशे चाळीस लोक आले होते, आणि अठरा खेळाडूंपैकी एकही धडपणे चालू शकत नव्हता. संपादकांनी नंतर लिहिलं की सामना 'शांततेत पार पडला'. प्रत्यक्षात तो असा झाला: फलंदाज चेंडू हलकेच मारायचा, क्षेत्ररक्षक त्याच्याकडे जड मनाने पाहायचा, फलंदाज पहिल्या बेसकडे फिरायला निघाल्यासारखा निघायचा, आणि दोघांपैकी कोण आधी पोचतं हे पाहायला लोकांना पुरेसा वेळ मिळायचा. चौथ्या डावात काडी दुसऱ्या बेसवर पोचला आणि तिथेच बसला. पाचव्या डावात क्रँडलच्या तिसऱ्या बेसवाल्याला खेळाडूंच्या बाकापर्यंत यायचं नव्हतं, म्हणून तो आपल्या जागीच थांबला आणि अंपायरने हरकत घेतली नाही. अंपायर स्वतः एका हाताने कुंपण धरून उभा होता.

"पळ की रे," गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"तू जेव आणि तू पळ," काडी म्हणाला.

नवव्या डावाच्या अखेरीस दोन-दोन अशी बरोबरी होती. पॉटर्स बेंडचे दोघे बाद झाले होते. साडेपाच वाजले होते. सहा दहाची गाडी पकडायची म्हणून सामना पावणेसहाला थांबवायचा करार होता. बरोबरी झाली तर सामना रद्द धरला जाणार, दोघं तळाशी राहणार, आणि लीगचे चिटणीस आधीच म्हणाले होते की तसं झालं तर दोघांनाही काढू, कटकट नको.

पुढची फलंदाजी पिचरची होती. पिचर बाकावर झोपला होता. एनॉसने त्याला हलवलं, मग त्याच्या तोंडावर पाणी मारलं. पिचरने झोपेतच ओठ चाटले.

लीगच्या यादीत मॅनेजरचंही नाव खेळाडू म्हणून घातलेलं असे. एनॉसने बॅट उचलली.

"तुम्ही?" बाकामागून मिसेस ग्रेल म्हणाल्या. त्या सुईदोरा घेऊन तिथे बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांना अकरा वेळा उठावं लागलं होतं.

"या मैदानावर रिकाम्या पोटाचा मीच एकटा आहे, मिसेस ग्रेल."

"गुडघ्यांचं काय?"

"ते काल जेवले नाहीत, त्यांना कुणी विचारलंही नाही."

दुसरा चेंडू सरळ आला. फेकणाऱ्याला वळवायचा कंटाळा आला असावा. एनॉसने तो डाव्या आणि मधल्या क्षेत्ररक्षकाच्या बरोबर मधून मारला. डाव्याने मधल्याकडे पाहिलं. मधल्याने डाव्याकडे पाहिलं. दोघांनाही दुसरा जवळ आहे असं प्रामाणिकपणे वाटलं. चेंडू घरंगळत कुंपणापर्यंत गेला.

एनॉसने पहिला बेस ओलांडला, दुसरा ओलांडला. गुडघ्यांतून सुतारकामासारखे आवाज येत होते. तिसऱ्या बेसवर तो पोचला तेव्हा डावा क्षेत्ररक्षक चेंडूपाशी पोचून वाकावं की नाही याचा विचार करत होता. एनॉस होमकडे, जिथून निघाला होता त्या शेवटच्या ठाण्याकडे, वळला. आणि त्या वेळी रविवार दुपारपासूनची भूक एकदम त्याच्या डोक्यात चढली. आधी गर्दी हिरवी दिसली, मग दिसेनाशी झाली. होमपासून आठ फुटांवर तो गुडघ्यांवर पडला, मग हातांवर.

"रांगा, टिबेट्स," फाइलसाहेब खुर्चीवर उभे राहून म्हणाले. "करारात रांगण्याला बंदी नाही."

एनॉस रांगू लागला.

होमवर ब्रॉकमायर उभा होता. धावणारा होमला हात लावायच्या आत चेंडू धरलेल्या हाताने त्याला शिवलं, म्हणजे टॅग केलं, की तो बाद. चेंडू कुंपणापाशी गेलेला पाहून आता बराच वेळ आहे असं त्याने ओळखलं होतं. दोरीपलीकडे पहिल्या रांगेत मिसेस टॉलिव्हर बसल्या होत्या. दुपारपासून त्यांनी त्याच्यासाठी एक तुकडा फडक्यात झाकून ठेवला होता, कारण वर्तमानपत्रात 'तीनदा मागून घेतला' असं येणार होतं तर 'चारदा'ही येऊ शकत होतं. ब्रॉकमायरने हात लांब केला, त्यांनी तुकडा दिला. त्याने एक घास घेतला. एवढ्यात चेंडू आलाच. डाव्याने काडीच्या जागी उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे फेकला होता, त्याने होमकडे. ब्रॉकमायर कितीही जेवला असला तरी कॅचर होता. त्याने डाव्या हातातल्या मोठ्या ग्लोव्हमध्ये चेंडू व्यवस्थित झेलला. एनॉस त्याच्या उजव्या बाजूने, फूटभर अंतरावर, हात पुढे करत येत होता. ब्रॉकमायर वाकला आणि जवळचा हात एनॉसच्या मानेवर दाबला.

जवळच्या हातात पाय होता.

एनॉसची बोटं होमला लागली. मानेवरून काहीतरी कोमट ओघळत होतं. त्याला वाटलं रक्त असावं. मग त्याने जिभेने चाखलं आणि ते रक्त नव्हतं.

अंपायर कुंपण सोडून आला. त्याने खाली वाकून पाहिलं.

"बाद," क्रँडल बाकावरून म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय. टॅग केलाय."

"टॅग केलाय," अंपायर म्हणाला. "कशाने?"

"हाताने."

"चेंडू कुठल्या हातात आहे?"

ब्रॉकमायरने डावा हात उघडला. चेंडू त्यात होता, स्वच्छ पांढरा.

"आणि या हातात?"

"आलुबुखार," ब्रॉकमायर म्हणाला. तो सच्चा माणूस होता.

"धाव धरली," अंपायर म्हणाला.

क्रँडल गाडीपर्यंत भांडत गेला. त्याने लीगकडे लेखी तक्रारही केली. चिटणीसांनी नियमावली दोनदा वाचून कळवलं की फळांचा उल्लेख कुठेही नाही, चेंडूचा मात्र आहे, सबब निर्णय कायम. पॉटर्स बेंड तीन-दोनने जिंकलं. बटणवाले पाचवे आले.

फाइलसाहेबांनी शब्द पाळला. ऑक्टोबरपासून एनॉस कारखान्यात बटणं निवडायला बसू लागला. पुढच्या उन्हाळ्याचा करार सहीसकट त्यांच्या टेबलाच्या खणात होता. खेळाडू आपापल्या गावी गेले, काडी सोडून. त्याला टॉलिव्हरांच्या पुतणीशी लग्न करायचं होतं आणि मिसेस टॉलिव्हर त्याला सोडायला तयार नव्हत्या.

जानेवारीत लीगची बैठक झाली. उरलेल्या चार गावांचे आणि नव्या शहराचे प्रतिनिधी आले होते. ऑसग्रोव्हच्या खेळाडूंनी हिवाळाभर जिथे जातील तिथे त्या टेबलाची गोष्ट सांगितली होती. पहिल्याच गावाच्या प्रतिनिधीने मागणी केली की हंगामाचा शेवटचा सामना आपल्याला पॉटर्स बेंडमध्ये मिळावा, आणि गाडी अकराची असावी. दुसऱ्यानेही तेच मागितलं. तिसरा म्हणाला, आपल्याला दहाची गाडी चालेल. नव्या शहराचा माणूस म्हणाला की याच अटीवर ते लीगमध्ये येत आहेत. पॉटर्स बेंडतर्फे फाइलसाहेब गेले होते. एकाच्या बाजूने बोललं तर चार गावं बटणं घेणं बंद करतील, म्हणून ते दिवसभर गप्प बसले. संध्याकाळपर्यंत वेळापत्रकाची एकही ओळ लिहून झाली नाही. सहाला लीग बरखास्त झाली.

दुसऱ्या दिवशी फाइलसाहेबांनी एनॉसला खोलीत बोलावलं आणि खणातला करार टेबलावर ठेवला.

"लीगच नाही म्हटल्यावर हा कागद कशाचा?"

"कशाचाच नाही," एनॉस म्हणाला.

"ओहायोत दोन नव्या लीग निघतायत म्हणे. मी चिठ्ठी देतो. पाचवे आलात, सांगण्यासारखं आहे."

एनॉसने खिडकीतून बाहेर पाहिलं. नदी गोठली होती. "बटणं निवडायचं काम मार्चपर्यंतच आहे का, साहेब?"

"काम बारा महिने आहे. पण तुम्ही बेसबॉलचे माणूस."

"माझा सहावा संघ होता हा. आता मला वाटतं, बेसबॉललाच माझ्यापासून थोडी विश्रांती द्यावी."

फाइलसाहेबांनी करार परत खणात ठेवला नाही. तो चुलीत टाकला आणि निवडायच्या बटणांचं एक खोकं त्याच्याकडे सरकवलं.

संध्याकाळी मिसेस ग्रेल स्वयंपाकघरात कशावर तरी झाकण दाबून उभ्या होत्या. बातमी त्यांना दुपारीच कळली होती. गुरुवार नसला तरी गावात बातमी थांबत नसे.

"लीग गेली म्हणे."

"गेली."

"मग खोली कधी मोकळी करताय? मला शिवणाचं टेबल तिथे हलवायचं होतं."

"हलवू नका," एनॉस म्हणाला. "मी राहतोय."

मिसेस ग्रेल यांनी तोंडातल्या टाचण्या काढून गाऊनच्या गळ्याला खोचल्या. "किती दिवस?"

"मोजले नाहीत."

झाकणाखालून वाफ येत होती आणि वास चांगला नव्हता.

"मग दारातला बर्फ आजपासून तुम्ही काढायचा," त्या म्हणाल्या. "पाहुण्याला सांगता येत नव्हतं. फावडं मागच्या दाराशी आहे, दांडा जरा हलतो."

एनॉसने कोट पुन्हा अंगात घातला आणि मागच्या दाराकडे गेला. दांडा जरा नव्हे, चांगलाच हलत होता. त्याने तो ठोकून बसवला आणि पायरीपासून सुरुवात केली.